शनिवार, दुपारचे तीन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्लिश फुटबॉल म्हटले की आपल्याला मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल ही नावे आठवतात. आपल्याकडची मुले त्यांचे टी-शर्ट घालून हिंडतात. पण प्रीमियर लीगमधल्या या वीस क्लबांच्या खाली तीन पायऱ्यांवर आणखी ७२ क्लब आहेत आणि त्यांच्याही खाली लहान लहान क्लबांची मोठी उतरंड आहे. या क्लबांकडे नामवंत खेळाडू नसतात. करंडक जिंकण्याची शक्यता फारशी नसते. तरीही दर शनिवारी दुपारी तीन वाजता हजारो माणसे पाऊस-थंडीत तिथे जाऊन बसतात. ती का येतात आणि एकदा आलेली का टिकतात, याविषयी आज बोलणार आहे.

नोकरीच्या निमित्ताने २००७ पासून काही वर्षे मी यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्ड शहरात होतो. कापडगिरण्यांचे हे जुने शहर. गिरण्या बंद पडल्या, धुराडी तेवढी उरली. मुंबईत गिरणगावाच्या आसपास वाढलेल्या माझ्यासारख्याला ते फारसे परके वाटले नाही. तिथला क्लब ब्रॅडफर्ड सिटी. १९९९ मध्ये हा क्लब थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचला होता. दोन वर्षांत तिथून खाली आला. मोठ्या पगारांचे खेळाडू घेऊन ठेवले होते, मिळकत मात्र आटली. २००२ आणि २००४ असे दोनदा क्लबवर प्रशासक नेमण्याची पाळी आली आणि २००७ मध्ये तो चौथ्या पायरीवर येऊन पडला. मैदानाची क्षमता पंचवीस हजारांची आणि पुढे हंगाम असा, की ज्यात समोरच्या क्लबांना तीन-चार हजार प्रेक्षक आले तरी गर्दी वाटावी.

इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा. दूरचित्रवाणीचा पैसा वरच्या वीस क्लबांकडे जातो. खालच्या क्लबांच्या वाट्याला त्यातले थोडे येते. त्यांचा संसार चालतो तो बराचसा दारावरच्या तिकिटावर, मध्यंतरातल्या मटन-पाय आणि चहावर, गळ्यातल्या मफलरीवर. म्हणून तर ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉल सामना थेट दाखवायला बंदी आहे. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला. मोठा सामना घरबसल्या दिसू लागला तर गावातल्या क्लबाच्या मैदानावर कोण जाईल, हा त्यांचा सवाल होता. गंमत म्हणजे तीन वाजताचा जो सामना इंग्लंडमधल्या माणसाला घरी पाहता येत नाही, तो आपण इथे रात्री जेवताना बघू शकतो.

तर ब्रॅडफर्डने २००७ मध्ये काय केले? संघ घसरला की क्लब सहसा खर्च कापतात आणि उरलेल्या निष्ठावंतांकडून जास्त पैसे घेतात. ब्रॅडफर्डने उलट केले. संपूर्ण हंगामाचा पास १३८ पौंडांना काढला. घरच्या मैदानावरचे तेवीस सामने, म्हणजे एका सामन्याला सहा पौंड. विचार साधा होता. रिकाम्या खुर्चीतून एक पेनीही येत नाही. त्यापेक्षा सहा पौंडांत माणूस बसला तर तो चहा घेईल, मुलाला आणेल, ओरडेल. बारा हजारांहून अधिक पास विकले गेले. चौथ्या पायरीवरच्या त्या हंगामात सरासरी तेरा हजारांवर प्रेक्षक आले.

त्या बारा हजारांत एक पास माझा होता. मी आपणहून घेतलेला नव्हे. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने दोन घेतले होते. त्याचा भाऊ परगावी गेला, म्हणून त्याने मला ओढले. फुटबॉलची मला विशेष आवड नव्हती आणि एकटा तर मी त्या फाटकातून कधीच आत गेलो नसतो. पुढे मी आसपासच्या अनेकांना विचारले, तुम्ही पहिल्यांदा कसे आलात? कोणी म्हणाले वडिलांनी आणले, कोणी आजोबांनी, एक बाई म्हणाल्या की नवऱ्याशी लग्न ठरले तेव्हा हा क्लबही पदरात पडला. जाहिरात वाचून आलो, असे मला कोणी सांगितले नाही. जाहिरात आणि स्वस्त तिकीट यांचे काम एवढेच, की जो कोणाला घेऊन येणार आहे त्याच्या खिशाला ते सोपे व्हावे.

पण स्वस्ताईने आलेला माणूस टिकतोच असे नाही. नोव्हेंबरातल्या मंगळवारी रात्री, पाऊस पडत असताना, पास घेतलेल्यांच्या कितीतरी खुर्च्या मोकळ्या दिसत. खिशातून थोडेच गेलेले असले की न जाण्याचे दुःखही थोडेच होते. मी मात्र जाऊ लागलो, आणि त्याचे कारण होते माझी खुर्ची. पासावर तिचा क्रमांक ठरलेला. त्यामुळे डावीकडचे, उजवीकडचे, पुढचे-मागचे सगळे तेच. पुढच्या रांगेत एक आजोबा असत, थरमॉसमधून चहा आणत. माझे नाव त्यांना नीट उच्चारता येत नसे, म्हणून यॉर्कशरच्या रिवाजाप्रमाणे मला नुसते ‘लव’ म्हणत. एकदा मी दोन सामने चुकवले. तिसऱ्याला गेलो तर म्हणाले, ‘‘आजारी होतास का रे?’’ परक्या शहरात, कार्यालयाबाहेर, माझी गैरहजेरी लक्षात ठेवणारा तो एकच माणूस होता. त्यानंतर माझे सामने चुकले नाहीत. संघ जिंकत होता म्हणून नव्हे. त्या वर्षांत तो जिंकण्यापेक्षा रडवायचाच जास्त.

शहराला या क्लबाशी बांधणारी एक दुःखाची गाठही आहे. ११ मे १९८५ रोजी लिंकन सिटीविरुद्धच्या सामन्यात लाकडी स्टॅण्डला आग लागली आणि ५६ माणसे गेली. त्यांत दोघे लिंकनचे होते. दरवर्षी त्या दिवशी शहराच्या मध्यवर्ती चौकात लोक जमतात. ज्यांनी एकही सामना पाहिलेला नाही तेही येतात. ‘आमचा क्लब’ या शब्दाला तिथे किती वजन आहे, ते मला त्या चौकात उमगले.

मात्र एक गोष्ट मला सतत खटकायची. हे मैदान मॅनिंगहॅम नावाच्या वस्तीत आहे. भोवतीच्या घरांतून राहणारे बहुतेक लोक पाकिस्तानी किंवा बांगलादेशी वंशाचे. मुले त्याच गल्लीत फुटबॉल खेळत, पण स्टॅण्डमध्ये माझ्या रंगाचे चेहरे मोजकेच. कारण उघड होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्लंडमधल्या मैदानांवर काळ्या-सावळ्या माणसांना शिव्या खाव्या लागत. त्यामुळे त्या पिढीतले वडील गेले नाहीत. वडील गेले नाहीत म्हणून मुलांना न्यायला कोणी नव्हते. दार उघडे असणे आणि कोणी हात धरून आत नेणे यांत फरक आहे. पुढे ‘बांगला बँटम्स’ नावाचा बांगलादेशी वंशाच्या पाठीराख्यांचा गट तिथे उभा राहिला आणि त्यात बायका पुढे होत्या, हे वाचून मला फार बरे वाटले. मैदानाला खेटून राहणाऱ्या घरांतून माणूस आत यायला इतकी वर्षे लागली.

ब्रॅडफर्डहून पश्चिमेला ॲक्रिंग्टन नावाचे पस्तीसेक हजार वस्तीचे गाव आहे. त्याच्या एका बाजूला ब्लॅकबर्न, दुसऱ्या बाजूला बर्नली. दोन्ही क्लब कधी ना कधी इंग्लंडचे विजेते झालेले. मँचेस्टरही जवळच. अशा ठिकाणी ॲक्रिंग्टन स्टॅनली या छोट्या क्लबाकडे कोण पाहणार? १९६२ मध्ये पैशाअभावी जुना क्लब लीगमधून बाहेर पडला. १९६८ मध्ये गावकऱ्यांनी तो नव्याने उभा केला आणि २००६ मध्ये तो पुन्हा लीगमध्ये आला. २०१५ मध्ये अँडी होल्ट यांनी क्लब हाती घेतला. त्यानंतर तिथे एक चाल सुरू झाली. परिसरातल्या शाळांतल्या सात-आठ वर्षांच्या मुलांना क्लबाचा लाल शर्ट फुकट. याच वयात मूल आपला संघ ठरवते. शाळेच्या अंगणात सगळे मँचेस्टरच्या शर्टात असतील तर एकट्या मुलाला गावचा शर्ट घालायची लाज वाटते. वर्गातल्या सगळ्यांकडेच तो असला की लाज जाते. शिवाय आठ वर्षांचे मूल मैदानावर एकटे येत नाही. आई, बाबा, आजी यांपैकी कोणीतरी तिकीट काढून सोबत येतेच.

माणूस टिकवण्याची आणखी एक रीत म्हणजे त्याला क्लबाच्या कारभारात जागा देणे. दक्षिण लंडनमधला विम्बल्डन क्लब मालकांनी मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवायचे ठरवले आणि मे २००२ मध्ये त्याला परवानगीही मिळाली. पाठीराख्यांनी काही आठवड्यांत नवा क्लब काढला, ‘एएफसी विम्बल्डन’. मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड-चाचणी घेतली. बऱ्याच खालच्या लीगमध्ये सुरुवात करूनही पहिल्या वर्षी सामन्याला सरासरी तीन हजार माणसे आली. नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये क्लब चौथ्या पायरीवर पोहोचला. २०२० मध्ये आपल्या जुन्या रस्त्यावर, प्लाऊ लेनवर, त्यांनी नवे मैदान बांधले. पैसे कमी पडले तेव्हा पाठीराख्यांनी कर्जरोख्यांच्या रूपाने पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. क्लबाची सूत्रे पाठीराख्यांच्या संस्थेकडे आहेत आणि तिथे एका सभासदाला एक मत. ज्याने मत दिले आहे, खुर्च्या पुसल्या आहेत, तो दोन पराभवांनी घरी बसत नाही.

आणि हे नसले तर काय होते? मँचेस्टरजवळचा बरी हा क्लब १८८५ चा. कर्ज आणि गैरकारभार यांमुळे तो २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगमधून काढला गेला. त्याच दिवशी त्याचे पाठीराखे झाडू-फडकी घेऊन मैदानात आले होते. शनिवारी सामना होईल या आशेने खुर्च्या धूत होते. संध्याकाळी निर्णय आला. दुकान बंद झाले की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. बरीतली माणसे शेजारच्या क्लबाकडे सहजी वळली नाहीत. भांडली, दोन गट झाले, पुन्हा एक झाले, मैदान परत मिळवले आणि २०२३ मध्ये कितीतरी पायऱ्या खाली नव्याने खेळू लागली.

आपल्याकडे पाहू. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. त्याआधी काही वर्षांपूर्वीच तो राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी दहा वर्षांत संपला. कूपरेजवर नियमाने जाणारी माणसे होती, त्यांना हळहळ वाटली. पण क्लब कंपनीचा किंवा मालकाचा, निर्णयही त्यांचाच. याउलट कोल्हापूर बघा. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही मंडळे देशाच्या मोठ्या लीगमध्ये कुठेच नाहीत. तरी पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर आले की शाहू स्टेडियम भरते. कारण तिथे संघ पेठेचा आहे. पोराला संघ निवडावा लागत नाही, तो ज्या गल्लीत जन्मला तिथून मिळतो. कधी या प्रेमाची हुल्लड होते, सामने थांबतात, हेही खरे. पण तो क्लब कोणी एका बैठकीत बंद करून दाखवावा!

ब्रॅडफर्ड सिटीचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. २०१३ मध्ये चौथ्या पायरीवर असताना आर्सेनलला हरवून तो लीग कपच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर गेला आणि स्वान्सीकडून पाच गोलांनी हरला. त्याच वर्षी वर चढला, २०१९ मध्ये पुन्हा घसरला. ३ मे २०२५ रोजी भरपाईच्या वेळेत एकुलता एक गोल करून त्याने पुन्हा तिसरी पायरी गाठली. मैदानात चोवीस हजारांवर माणसे होती. २००७ मध्ये सहा पौंडांच्या खुर्चीत बापाशेजारी बसलेली कितीतरी मुले आता स्वतः आई-बाप झाली असतील.

आपल्या शहरातही जिल्हा लीगचे सामने होतात. बहुधा फुकट असतात आणि बघायला खेळाडूंचे चार मित्र असतात. क्लब चालवणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की मोठे फलक लावण्याआधी जवळच्या शाळेत जा. आलेल्याचे नाव विचारा. पुढच्या वेळी तो दिसला नाही तर का आला नाही, याचीही चौकशी करा. आणि श्रोतेहो, तुम्ही जाणार असाल तर एकटे जाऊ नका. शेजारच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्या.