बाहुली कुणाच्या मापाची?



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय वाचून आमच्या शेजारच्या आजींनी विचारलं, "मग नातीला आणू का?" म्हटलं, जरूर आणा, पण ती हिरमुसेल. मी ज्या बाहुल्यांबद्दल बोलणार आहे त्या भातुकलीतल्या नाहीत. त्या पुऱ्या वाढलेल्या माणसाएवढ्या असतात, उचलायला दोघे लागतात, आणि जन्मभर त्यांना एकच काम : मोटार आदळली की आपल्याऐवजी मार खायचा. गाड्यांच्या चाचण्या घेण्यात माझी नोकरी गेली. तिथे आम्ही त्यांना डमीच म्हणायचो, आताही तेच म्हणेन.

लहानपणी आमच्या घरी लाकडाची ठकी होती. नाक म्हणून एक उंचवटा, डोळे म्हणून दोन ठिपके. बहिणीला तेवढं पुरायचं, बाकीचं ती मनाने भरायची. डमीत मनाने काही भरता येत नाही. तिची छाती माणसाच्या छातीइतकीच दबली पाहिजे, मान माणसाच्या मानेसारखीच झुकली पाहिजे. मानेत रबराचे आणि अॅल्युमिनियमचे थर एकावर एक असतात आणि मधून पोलादी दोर जातो. बरगड्या पोलादाच्या, सहा. त्यांना आतून जे अस्तर असतं ते उन्हाळ्यात मऊ पडतं आणि थंडीत ताठरतं, म्हणून चाचणीपूर्वी कित्येक तास डमीला एकवीस-बावीस अंशांत बसवून ठेवायचं. मे महिन्यात एसी डमीला आणि घाम आम्हाला. (हशा)

मग सांधे. डमीचा हात आडवा उचलायचा आणि सोडून द्यायचा. तो आपल्या वजनाने पडता कामा नये, पण बोटाने जरा टेकलं की खाली आला पाहिजे. स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, असं करत प्रत्येक सांधा जुळवायचा. शेवटी कपाळाला एक रंग, गुडघ्यांना दुसरा. आदळल्यावर डॅशबोर्डवर कोणता रंग कुठे लागला ते पाहिलं की कोण कुठे आपटलं ते कळतं. तो ओला रंग फासताना मला दर वेळी घरच्या गौरी आठवायच्या. तीच लगबग, तोच "जरा डावीकडे, अजून जरा" असा आरडाओरडा. फरक इतकाच, की गौरींना आपण जेवू घालतो आणि डमीला भिंतीवर घालतो.

आता मुद्द्याचं. एवढी मेहनत घेतो, पण ही डमी कुणाच्या मापाची?

शाळेत पी.टी.चे सर उंचीप्रमाणे रांग लावायचे. तसे शंभर पुरुष बुटक्यापासून उंचापर्यंत उभे करा. पन्नासाव्या जागचा तो मधला. शंभरांच्या रांगेतल्या अशा जागेला शतमक म्हणतात. १९४९ साली अमेरिकन हवाईदलाने विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाच्या चाचणीसाठी 'सिएरा सॅम' नावाचा डमी करून घेतला. तो पंचाण्णवाव्या जागचा होता, म्हणजे रांगेच्या टोकाचा धिप्पाड गडी. पुढे मोटारवाल्यांनी मधला माणूस धरला. जनरल मोटर्सने १९७६ साली आणलेला 'हायब्रिड थ्री' हा त्या मधल्याचा अवतार. उंची १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. आज जगभर सर्वांत जास्त आदळलेला माणूस कोण असेल, तर हा. त्याचं शरीर किती सोसेल याचे आकडे आले ते वैद्यकीय संशोधनासाठी दिलेल्या मृतदेहांवरून आणि काही स्वेच्छेने बसलेल्यांवरून. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले लॉरेन्स पॅट्रिक नावाचे प्राध्यापक तर स्वतः शेकडो वेळा धक्क्याच्या घसरगाडीत बसले. असे मास्तर आता विरळा.

मधला माणूस निवडण्यात वावगं काय, असं तुम्ही म्हणाल. त्याच हवाईदलाची गोष्ट सांगतो. १९५० साली त्यांनी चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापं घेतली. सरासरी मापाची कॉकपिट बनवायची होती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने दहा मापं निवडली आणि ४,०६३ जणांपैकी दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती ते मोजलं. उत्तर आलं शून्य. उंची सरासरी असलेल्याचे हात लांब, हात सरासरी असलेल्याची छाती रुंद. आमच्या गल्लीतल्या शिंप्याला हे तेव्हाही ठाऊक होतं. तो तयार मापाच्या शर्टाकडे नाक मुरडूनच बघायचा. हवाईदलाने मग सरळ आसन मागेपुढे सरकतं करून घेतलं. तुमच्या मोटारीतली सीट सरकते, तीही त्याच शहाणपणाची.

पण सीट सरकली तरी एअरबॅग सरकत नाही.

अमेरिकेत नव्वदच्या दशकात एअरबॅगा सर्रास बसू लागल्या. तिथे बरेच लोक पट्टा बांधत नसत, म्हणून नियम असा होता की पट्टा न बांधलेला तो १७५ सेंटिमीटरचा मधला पुरुष ताशी ४८ किलोमीटरने आदळला तरी वाचला पाहिजे. त्याला अडवायला पिशवी जोरात फुगवावी लागते. पापणी लवते त्याहून कमी वेळात ती फुगते. तो पुरुष दूर बसलेला, त्याच्यापर्यंत पोचेतो पिशवी भरून मऊ झालेली असते. आता त्या जागी पाच फुटांच्या आतबाहेरची बाई बसवा. पाय पेडलला पोचावेत म्हणून तिने सीट पुढे ओढलेली, हनुवटी स्टिअरिंगच्या जवळ. पिशवी फुटून बाहेर येताना पहिल्या काही सेंटिमीटरांत जो जोर असतो, तो थेट तिच्या छातीवर आणि हनुवटीखाली. साध्या, हळू वेगाच्या धडकांत, जिथे खरचटण्यावर भागलं असतं, तिथे बुटक्या स्त्रिया आणि पुढच्या सीटवरची मुलं गेली. १९९० ते २००८ या काळात अशा मृत्यूंची संख्या अमेरिकेत २९० च्या वर गेली. त्यांतले बहुतेक पट्ट्याशिवाय किंवा चुकीच्या जागी बसलेले होते, हेही सांगायला हवं. पण पट्टा न बांधलेल्या मधल्या पुरुषाला वाचवायला केलेली वस्तू पट्टा न बांधलेल्या ठेंगण्या बाईला मारते, हा दोष बाईचा नाही. बाहुली निवडणाऱ्याचा आहे.

२००० साली अमेरिकेने नियम बदलला आणि लहान स्त्री-डमी व मुलांच्या डमी सक्तीच्या केल्या. पिशव्या हळू फुगायला, माणूस ओळखायला शिकल्या. ही स्त्री-डमी पाचव्या शतमकाची, म्हणजे शंभर अमेरिकन बायकांच्या रांगेत बुटकीकडून पाचवी. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४९ किलो.

हा आकडा पहिल्यांदा कागदावर वाचला तेव्हा मी चहा खाली ठेवला. कारण आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतीय बाईची सरासरी उंची जवळपास तेवढीच येते. तिकडे रांगेच्या शेपटीला उभी असलेली ती, आपल्याकडे रांगेच्या मधोमध आहे. आमच्या घरात तर ती उंचच ठरली असती. म्हणजे तिकडचा इंजिनिअर जिला "टोकाचं माप" म्हणून शेवटी तपासतो, ती तुमची आई, बहीण, सून आहे. आणि आपल्याकडची बुटकी बाई? तिच्या मापाची डमी मी नोकरीत कधी उचलली नाही.

माप हा अर्धाच प्रश्न. दुसरा अर्धा बांध्याचा. ही लहान स्त्री-डमी म्हणजे मूळ पुरुष-डमी आकाराने आखडून केलेली आहे. बाईची कंबर, ओटीपोटाची ठेवण, मानेच्या स्नायूंची ताकद वेगळी असते. पट्टा छातीवरून जातो तो वेगळ्या वाटेने जातो. मागून धडक बसली की मान झटकण्याची इजा स्त्रियांना जास्त होते, हे स्वीडनमध्ये कधीच दिसून आलं होतं. तरीही मागच्या धडकेसाठी केलेली डमी पुरुषाच्याच मापाची. अॅस्ट्रिड लिंडर या स्वीडिश संशोधिकेने हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला, आणि २०२२ साली तिच्या चमूने मध्यम बांध्याच्या बाईची डमी लोकांपुढे ठेवली : १६२ सेंटिमीटर, ६२ किलो. अलीकडे म्हाताऱ्या बाईची आणि स्थूल माणसाचीही डमी निघाली आहे. त्या मला जास्त जवळच्या वाटतात. (हशा)

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात पट्टा बांधलेल्या स्त्री-चालकांना गंभीर इजेची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्के जास्त दिसली होती. तो आकडा अजूनही सगळीकडे फिरवला जातो. पण नव्या गाड्यांत स्त्री-पुरुषांच्या मृत्यूंतला फरक अमेरिकेत बराच कमी झाला आहे. म्हणजे बाहुली बदलली की गाडी बदलते. म्हणूनच मी ओरडतो.

आपल्याकडे २२ ऑगस्ट २०२३ ला गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारं 'भारत एनकॅप' जाहीर झालं आणि १ ऑक्टोबरपासून सुरू झालं. २०१४ साली आपल्या काही लोकप्रिय गाड्यांना बाहेरच्या चाचणीत शून्य तारे मिळाले होते, तिथपासून हा पल्ला मोठाच आहे. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनचाचणी संस्था ज्या पुण्यात वेताळ टेकडीवर उभी आहे तिथला मी माणूस, मला त्याचा अभिमानच आहे. पण २०२३ च्या त्या नियमांत ताशी ६४ किलोमीटरच्या समोरच्या धडकेत पुढे दोन डमी बसतात, दोघेही तेच १७५ सेंटिमीटरवाले पुरुष. मागे दोन मुलं, दीड वर्षाचं आणि तीन वर्षांचं. घरात बापे दोन, मुलं दोन, आणि बाई एकही नाही. असं कुटुंब तुमच्या ओळखीत असेल तर मला भेटवा. युरोपात लहान स्त्री-डमी २०१५ पासून चालकाच्या जागी बसते आहे. आपण निदान तिला बाजूच्या सीटवर तरी बसवावं, आणि लवकर. इतरांची टोकाची बाई हीच आपली मधली बाई आहे, एवढं एकच कारण त्याला पुरे.

मागे गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलो होतो. तरुण विक्रेता पाच ताऱ्यांबद्दल भरभरून बोलत होता. मी विचारलं, "कोण बसलं होतं आत?" तो म्हणाला, "सर, फॅमिली कार आहे." गाडी चांगली होती, घेतली. घरी आल्यावर फूटपट्टी काढली. आमच्या सौ. चार फूट अकरा इंच. छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं. तिचं निघालं १९. तिने पाठीमागे उशी घेतली होती, ती आधी काढली. सीट उचलली, पाठ थोडी मागे कलली, स्टिअरिंग खाली आणलं, पाय पुरतो तिथवर सीट मागे नेली. अंतर झालं २६. कमरेचा पट्टा पोटावरून खाली, मांड्यांच्या वर हाडावर आणला, पदराखालून. दहा मिनिटं लागली, त्यातली चार भांडणात गेली.

उद्या सकाळी तुमच्या घरात जी सर्वांत बुटकी व्यक्ती गाडी चालवते तिला गाडीत बसवा आणि मोजा. शाळेतली साधी ३० सेंटिमीटरची पट्टी चालते.