पहिली लेन्स घेताना : सह्याद्रीत फोटो काढणाऱ्यांसाठी

आजचा भाग एका मेसेजमुळे होतोय. एका श्रोत्याने विचारलंय, "ताई, पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला. सोबत १८-५५ची लेन्स आली. आता हरिश्चंद्रगडाला जायचंय. ग्रुपमधले सगळे म्हणतात, लँडस्केप म्हणजे वाइड लेन्स हवीच. हप्त्यावर घेऊ का?"

उत्तर आधीच सांगून टाकते. मित्रा, आत्ता नको. का नको, ते नीट बघू.

लेन्सवर मिमी असं लिहिलेलं असतं. आकडा जितका लहान, तितका जास्त परिसर फोटोत मावतो. पण सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, एपीएस-सी म्हणतात तो. त्यावर हा आकडा दीडपट धरायचा, कॅननवर १.६ पट. म्हणजे तुमचं १८ हे प्रत्यक्षात साधारण २७सारखं दिसतं आणि ५५ हे ८२सारखं.

आता खिशातला फोन काढा. त्याचा साधा १एक्स कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीसारखा असतो. म्हणजे किट लेन्सचं १८ आणि फोनचं १एक्स जवळपास सारखंच. ज्यांच्या फोनला ३एक्स आहे, ते साधारण किट लेन्सच्या ५५च्या आसपास येतं. आणि ०.५एक्स दाबलं की जे दिसतं, तसंच काहीसं १०-१८सारखी वाइड लेन्स दाखवते.

कळलं का? जी लेन्स घ्यायची म्हणताय, तिची चव तुमच्या फोनमध्ये फुकट आहे. महिनाभर जिथे जाल तिथे एकाच जागेवरून तीन फोटो काढा : ०.५, १ आणि ३. घरी येऊन बघा, कुठले ठेवावेसे वाटतात. कॅमेऱ्यातले जुने फोटो असतील तर गॅलरीत त्यांची माहिती उघडा, प्रत्येक फोटो किती मिमीवर काढलाय ते तिथे दिसतं. बहुतेक आवडते फोटो १८वर असतील आणि "अजून थोडं मावलं असतं तर" असं वाटत असेल, तर वाइड घ्या. बहुतेक ५५वर असतील, तर तुम्हाला लांबची लेन्स हवीये. ५५-२५० किंवा ७०-३०० अशी.

हे दुसरं उत्तर बऱ्याच जणांना पटत नाही. पण सिंहगडावर उभे राहा. समोर राजगड आणि तोरणा दिसतात. डोळ्यांना केवढे भारदस्त वाटतात ना? वाइड लेन्स लावली की दोन्ही गड क्षितिजावर नखाएवढे होतात, आणि निम्मा फोटो रिकाम्या आभाळाने भरतो. लांबची लेन्स लावली की गड मोठे दिसतातच, शिवाय पहाटेच्या धुक्यात एकामागे एक डोंगररांगा चिकटून आल्यासारख्या दिसतात. सह्याद्रीचे असे थरांचे फोटो बहुतेक वेळा लांबच्या लेन्सचेच असतात.

मग वाइड कुठे कामाची? जिथे पायाशी काहीतरी आहे तिथे. कासला वाटेच्या कडेला फुलं आहेत आणि वर ढग भरून आलेत, अशा वेळी लेन्स फुलापासून हात-दीड हातावर न्या, मग मजा बघा. फुलांत मात्र पाय टाकायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. किंवा सांदण दरीत, जिथे मागे सरकायला जागाच नसते.

आता कोकणकडा. मंडळी, हे नीट ऐका. वाइड लेन्समधून प्रत्येक गोष्ट आहे त्यापेक्षा लांब दिसते, कड्याची धारसुद्धा. स्क्रीनमध्ये बघत "अजून एक पाऊल" म्हणत पुढे जाणं तिथे जिवावर बेतू शकतं. त्यात हा कडा आत वळलेला आहे, तुमच्या पायाखालचा खडक खालून किती पोकळ आहे ते वरून दिसत नाही. माझा नियम साधा आहे : आधी कॅमेरा खाली, मग पाऊल. चालताना स्क्रीन बघायची नाही.

पुढचा प्रश्न, एफ/२.८ची महागडी लेन्स हवी का? लँडस्केपला आपण बहुतेक वेळा एफ/८ ते एफ/११ ठेवतो, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. तिथे किट लेन्सही छान काम करते. एफ/२.८चे जास्तीचे पैसे आणि वजन कशाला वाहायचं? अपवाद एकच, आकाशगंगेचे फोटो. तिथे जितका जास्त प्रकाश आत येईल तितकं चांगलं.

त्यापेक्षा आधी दणकट ट्रायपॉड घ्या. पहाटेच्या कमी उजेडात शटर एक-दोन सेकंद उघडं राहतं, हातात कॅमेरा स्थिर राहणारच नाही. गडावर वारा असला तर ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला सॅक अडकवा. नंतर एक पोलरायझर फिल्टर. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची चमक तो कमी करतो, पावसाळी हिरवा रंग खुलतो.

जुनी लेन्स घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. एक, माउंट तुमच्या कॅमेऱ्याचाच आहे ना. दोन, ऑटोफोकस चालतो ना. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेत फोकसची मोटर कॅमेऱ्यात नसते, त्यामुळे जुन्या काही लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. तीन, बुरशी. फोनचा टॉर्च एका बाजूने लेन्समध्ये मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर स्वस्तात मिळाली तरी सोडा. आपल्या पावसाळी हवेत ही बुरशी लवकर धरते. म्हणून ट्रेकवरून आलं की लेन्स कोरडी करायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची. ओल्या बॅगेत कधीच नाही.

आणि मित्रा, तरीही वाइडचा मोह सुटत नसेल तर दोन दिवसांसाठी भाड्याने घे. पुण्या-मुंबईत ओळखपत्र आणि डिपॉझिट देऊन मिळते. गडावर वापर, परत कर, मग हप्त्याचा विचार कर. पहिला पगार आहे, त्यातून घरी काहीतरी ने आणि उरलेल्या पैशांत दोन गड जास्त फिर. लेन्स दुकानात थांबते, पावसानंतरचे ते आठ-दहा स्वच्छ दिवस थांबत नाहीत.

तुमचे ०.५, १ आणि ३चे फोटो नक्की पाठवा. कुठला आवडला आणि का, एवढंच लिहा. भेटू पुढच्या भागात!