आडनावावरून मत ओळखता येतं का?



मी मतदानाचा अभ्यास करणारा माणूस, म्हणून बोलणार आहे तेही त्यावरच, आणि आपल्याच जिल्ह्याबद्दल.

रायगडात मुस्लिम लोकसंख्या दहा टक्क्यांहून कमी. तरीही आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले श्रीवर्धनचे आमदार झाले, १९८० साली राज्याचे मुख्यमंत्री झाले, आणि याच जिल्ह्यातल्या तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघानं १९८९, १९९१, १९९६ व २००४ असं चार वेळा त्यांना लोकसभेत पाठवलं. लोक धर्म बघूनच मत देतात, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जुळवून दाखवावा.

मग धर्माचा काहीच प्रभाव नसतो का? तसंही म्हणता येत नाही. २००९ मध्ये अंतुले शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडून हरले. ते का, हे निकालाचा तक्ता सांगत नाही. एखाद्या केंद्रावर अमुक समाजाची वस्ती मोठी आणि अमुक पक्षाला मतं जास्त, एवढ्यावरून कुणी कुणाला मत दिलं हे सिद्ध होत नाही. वर्तमानपत्रांतली कितीतरी विश्लेषणं याच ठिकाणी चुकतात, आणि त्यातून माणसांवर नाहक शिक्के बसतात. याचा मला फार त्रास होतो.

शिवाय इथं लाल बावट्याची घरं आहेत. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, वर्षानुवर्षं शेतं पडीक ठेवली. पुढे शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) या जिल्ह्यात रुजला तो अशाच लढ्यांवर. १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापचे रामशेठ ठाकूर इथूनच खासदार झाले. ज्या घरानं जमिनीसाठी उपास काढले, त्याचं मत केवळ जातधर्मावरून कसं ओळखणार?

म्हणून माणसालाच विचारावं लागतं. ‘लोकनीती’ या निवडणूक-अभ्यास उपक्रमाचे अभ्यासक मतदानानंतर घरोघरी जातात. मत कुणाला दिलं, हे तोंडानं वदवून घेत नाहीत. नमुना मतपत्रिका हातात देतात, मतदार खूण करून, घडी घालून ती बंद पेटीत टाकतो. सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्राचं राजकारण अशा पाहण्यांच्या आधारे उलगडून दाखवलं आहे.

राज्यशास्त्राच्या मुलामुलींनो, पुढच्या निवडणुकीनंतर रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, चरीत, म्हसळ्यात अशी पेटी घेऊन जा. घरं आधी चिठ्ठ्या टाकून निवडा, ओळखीची नकोत. बाईला प्रश्न विचाराल तेव्हा उत्तर तिचंच घ्या, शेजारी बसलेल्या नवऱ्याचं नको. प्रश्नावली तयार करायला आणि पेट्या उघडायला मी स्वतः येईन. तारीख तुमच्या सरांशी ठरवूनच आज अलिबाग सोडणार आहे.