नमुना रुग्णाचा, आपण विश्वस्त



१८६५ साली आनंदीबाई जोशी ज्या कल्याणात जन्मल्या, त्या परिसरातल्या वैद्यकीय परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मनापासून आभार.

आज एकाच प्रश्नावर बोलते. रुग्णाचं रक्त, त्याची काढलेली गाठ संशोधनासाठी ठेवताना आपण त्याला नीट विचारतो का?

१९५२ साली परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ओ गटाचं रक्तही न चालणारा रक्तगट शोधला. जग त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतं. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा. आपल्या पाठ्यपुस्तकांत भेंडे आहेत; ज्यांच्या रक्तातून हे ज्ञान मिळालं, ती माणसं नाहीत. त्या शोधाच्या आदल्याच वर्षी, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता संशोधनाला गेल्या. त्या पेशी जगभर वाढवल्या गेल्या, विकल्या गेल्या. वारसांशी एका कंपनीची तडजोड झाली ती २०२३ मध्ये.

‘आपले लोक नमुने देत नाहीत’ असं मी पुष्कळदा ऐकते. मला ते पटत नाही. डोंबिवलीत दधीची देहदान मंडळाचं काम आहे. मरणानंतर अख्खा देह द्यायला तयार होणारा समाज गाठीचा एक तुकडा का नाकारेल?

कल्याणच्या एका भाजीवाल्या मावशी नमुना ठेवण्याच्या संमतीच्या फॉर्मवर सही करेनात. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचे प्रश्न साधे होते. जास्तीचं रक्त काढणार का? नाही म्हटलं तर उपचार थांबतील का? मी त्यांच्याच गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ठोकळा त्यांच्या तळहातावर ठेवला. निदान झालंय, उरलेलं एवढंच आहे, असं सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “मग ठेवा की. पण काय सापडलं ते मला कळवा.” कळवण्याची कसलीच व्यवस्था आमच्याकडे नव्हती. ते वाक्य मला अजून टोचतं.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: नमुना रुग्णाच्या मालकीचा, संस्था त्याची विश्वस्त. दिलेली संमती रुग्णाला मागे घेता येते आणि नकारामुळे उपचारात फरक पडता कामा नये. पण शस्त्रक्रियेच्या दारात, स्ट्रेचरवर, इंग्रजी कागदावर घेतलेल्या सहीला मी संमती मानत नाही. आदल्या दिवशी विचारा. मराठीत विचारा, उल्हासनगरच्या सिंधी आजींना त्यांच्या भाषेत विचारा. याच अभ्यासासाठी देता का, पुढच्या अभ्यासांसाठी ठेवू का, बाहेरच्या कंपनीला द्यायचा का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची तीन वेगळी उत्तरं घ्या.

आणि अभ्यास संपला की दोन ओळींचं पत्र त्या घरी पोचवा. पहाटेची लोकल धरून परळपर्यंत उपचाराला जाणारा आपला रुग्ण एवढ्या आदराचा हक्कदार आहे.

उद्या वॉर्डात गेल्यावर एका खाटेजवळ स्टूल ओढून बसा. आधी त्या माणसाचे प्रश्न ऐका, मग फॉर्म पुढे करा. एवढी एकच विनंती करते आणि थांबते.