बोटांची सवय आणि अक्षरांची किल्ली



जुन्नरला येऊन नाणेघाटाचे नाव घेतले नाही, असे कसे होईल? तिथल्या लेण्यातला सातवाहनकालीन ब्राह्मी लेख शेकडो वर्षे वाटेवरच होता. लमाणांचे तांडे त्याच्यासमोरून गेले. वाचणारा मात्र कोणी उरला नव्हता. दगड होता, अक्षरे होती, हरवली होती ती किल्ली. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, तेव्हा कुठे असे लेख बोलू लागले.

आजचा विषय संगणकावरच्या लेखनाचा आहे. तिथेही हीच गोष्ट आहे.

1978 साली वर्डस्टार नावाचे लेखनाचे सॉफ्टवेअर आले. त्या काळच्या कित्येक यंत्रांवर बाणांच्या कळा नव्हत्या. म्हणून कंट्रोलची कळ दाबून ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे, अशी योजना केली. या चार कळा डाव्या हाताखाली चौफुलीसारख्या बसतात. हात जागचा हलत नाही. लोकांच्या बोटांत ही चाल इतकी मुरली की 1983 च्या टर्बो पास्कलनेही तीच उचलली. शिवाय ज्याला ती नको, त्याला आज्ञांच्या कळा बदलून घेण्याची सोयही ठेवली. दोन यंत्रे, दोन सॉफ्टवेअरे, पण बोटांना एकच घर! माणसाने यंत्रापुढे वाकायचे नाही, यंत्राने वाकायचे, हा त्यातला धडा.

आता आपल्या मराठीकडे येऊ. टंकलेखन यंत्रावर ‘कि’ उमटवायचा तर वेलांटी आधी, मग ‘क’. कागदावर जसे दिसते तसे. 1986 च्या इन्स्क्रिप्ट कळफलकाने क्रम उच्चाराचा धरला: आधी ‘क’, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. जिथे मराठीचा ‘क’, तिथेच गुजरातीचा, तिथेच कानडीचा. योजना शहाणपणाची, पण ज्यांनी उमेदीची वर्षे टंकलेखनात घालवली, त्यांची बोटे अडखळणारच. म्हणून पुढे सॉफ्टवेअरांनी जुनी बैठकही दिली. यात काही वावगे नाही. बोटांची सवय ज्याची त्याने ठेवावी.

घोटाळा झाला तो आत. यंत्र अक्षर साठवत नाही, अंक साठवते. कोणत्या अक्षराला कोणता अंक, हे ज्या त्या फाँटवाल्याने आपापले ठरवले. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसती खिचडी! 1991 साली इस्की हे भारतीय प्रमाण ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली; पण जुन्या फाँटांत लिहिणे त्यानंतरही वर्षानुवर्षे चालूच राहिले.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच: हात कसा चालवायचा ते घरचे, साठवायचे कसे ते चारचौघांचे. घोडेगाव, मंचर, नारायणगावच्या ज्या संस्थांत जुन्या स्मरणिका, इतिवृत्ते, कवितांच्या वह्या अशा फाईलींत पडून असतील, त्यांनी त्या युनिकोडमध्ये आणाव्यात, आणि मूळ मजकूर ठाऊक असलेली माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून तपासून घ्याव्यात. नाणेघाटाला प्रिन्सेप भेटला. आपल्या गावच्या इतिवृत्ताला कोण भेटणार?