अपयशाचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळात एखादा उद्योग काढायची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न येतो, "बुडाला तर?" हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. घरातल्या चार पैशांवर मुलांची फी, दवाखाना, दाणापाणी सारे चालते. म्हणून आज मी अपयशाच्याच दोन गोष्टी सांगणार आहे.

पहिली मुंबईची. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हाच पुढचा लिज्जत पापड. पण पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. बाईने सुरू केलेले काम बंद पडले की चार लोक काय बोलतात, हे तुम्हाला सांगायला नको. परंतु बायकांचा हात वाईट नव्हता. काम अडले होते ते उन्हावाचून. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह घेतला. वर खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसातही काम चालू राहिले. आपल्या जळगाव-धुळ्याकडे चैत्र-वैशाखात बिबडे, कुरडया वाळवणाऱ्या बाईला त्या खाटेचे मोल लगेच कळेल.

दुसरी गोष्ट आपल्या जळगावची. जामनेर तालुक्यातल्या वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेलची एजन्सी घेतली. १९७८ साली केळीची भुकटी करण्याचा एक जुना कारखाना विकत घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले. पुढे पाइप आले, ठिबक आले. शेतकऱ्याच्या गरजेच्या धंद्यात त्यांचा हात बसला. मग १९९० नंतरच्या काही वर्षांत पतपुरवठा, संगणक, ग्रॅनाइट अशा अनोळखी धंद्यांत पैसा घातला आणि मोठी खोट आली. तेव्हा त्यांनी चूक झाकली नाही. भागधारकांची जाहीर माफी मागितली आणि पुन्हा शेतीच्या कामाकडे वळले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ साली ते वारले. त्यानंतर २०१९ मध्ये कंपनीचे कर्ज पुन्हा थकले आणि २०२२ मध्ये त्याची नव्याने मांडणी करावी लागली. म्हणजे एकदा सावरले की कायमचे सावरले, असे धंद्यात नसते. हिशेब दरसाल नव्याने पाहावा लागतो.

भगिनींनो, या दोन्ही ठिकाणी नेमके काय बिघडले ते शोधले गेले. आपल्याकडे मात्र "बाईमाणसाला धंदा जमत नाही" किंवा "नशीबच खोटे" असे म्हणून मोकळे होतात. नशिबाला औषध नाही. पण "ऊन नव्हते", "उधारी फार झाली", "माल खवट झाला", या प्रत्येकाला काही ना काही औषध आहे.

म्हणून माझी विनंती आहे. उद्योग काढायचा तर लहान काढावा. किती पैसे गेले तरी चूल बंद पडणार नाही, तो आकडा आधीच ठरवावा. त्यापुढे अंगावरचा डाग गहाण ठेवू नये. रोजचा माल, विक्री, उधारी आणि नासाडी वहीत लिहावी. काम थांबलेच तर सगळ्यांनी बसून ती वही वाचावी; बाईवर बोट ठेवू नये.

आणि आपल्या गल्लीत जिचा धंदा बसला, जी आता लाजेने सभेला येत नाही, तिला पुढच्या सभेला मुद्दाम घेऊन या. कोणते गिऱ्हाईक पैसे बुडवते, कोणत्या महिन्यात माल पडून राहतो, हे तिला ठाऊक आहे. तिने ते पैसे मोजून शिकले आहे. आपल्याला ते ती बसल्या जागी सांगेल.