किमो चालू असताना चालणं



घरातल्या बाईला स्तनाच्या कॅन्सरसाठी किमो सुरू झाली, की आटपाडीकडं सासू, जाऊ, लेक सगळ्या तिला सांगतात, ‘तू उठू नगंस, पडून ऱ्हा.’ ते मायेपोटीच असतं. पण दिवसचे दिवस अंथरुणात गेले, तर तिच्या रक्तवाहिन्यांचं नुकसान होतं.

रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि त्यामुळं वाहिनी गरजेप्रमाणं रुंदावते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. किमोतलं डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, कॅन्सरच्या पेशी मारताना या अस्तराला आणि हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकतं. म्हणून तर किमोआधी हृदयाची टू-डी इको तपासणी करायला सांगतात. चालताना रक्त जोरात वाहतं, अस्तराला घासत जातं आणि त्या घासण्यानंच हा वायू जास्त तयार होतो.

कॅलिफोर्नियात अशीच किमो चालू असलेल्या ३० स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २०१९ मध्ये छापून आला. त्यातल्या काहींनी ८ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, जागेवरची सायकल थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू अशी चालवली. त्यांच्या दंडातली धमनी पहिल्यापेक्षा चांगली रुंदावू लागली. अभ्यास लहान आहे, तरी मला तो मोलाचा वाटतो, कारण औषध शरीरात असतानाच व्यायाम झाला होता.

सायकलचं यंत्र आपल्याकडं कुठलं? पण व्यायाम आपल्याला नवा नाही, आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी इथल्या शाळांतून सूर्यनमस्कार घालून घेतले, बायकांनीही घालावेत असा त्यांचा आग्रह होता. मात्र स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बहिणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा हातावर भार देऊ नये. चालणं सगळ्यात सोपं. आपल्या माणदेशातलं ऊन चढायच्या आत, घरचं कुणीतरी सोबत घेऊन दहा मिनिटं चाला. झेपेल तसं वाढवा. बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरे. खुरपायला वाकून बसणं यात धरू नका, त्यात दम लागत नाही, कंबर तेवढी धरते.

किमोच्या सलाईननंतरचे दोन-चार दिवस फार गळून गेल्यासारखं वाटलं, तर अंगणातल्या अंगणात फिरा. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर तिथंच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. अंगात ताप भरला तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.